आर्डिसला नको असलेलं उपाध्यक्षपद

नॉर्वे फॉल्स, विस्कॉन्सिन
रविवार, जेवणानंतर

आमचे एकुलते एक मेहुणे, गळ, गांडुळं आणि थंडगार बिअर यांचे तळ्याच्या उत्तर काठावरचे नामांकित व्यापारी श्री. रोली यांस वेन्डेलचा सप्रेम नमस्कार.

ताजी बातमी आधी देतो, कारण चाळीस वर्षं साप्ताहिक चालवल्यावर माणसाला दुसरं काही आधी लिहिता येत नाही. तुझी बहीण आर्डिस आपल्या पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी शेवटच्या तिघांत आली आहे. या वृत्ताला दुजोरा कोणी दिला म्हणशील, तर अध्यक्षपदाचे उमेदवार गव्हर्नर प्रेस्कॉट लॅथ्रॉप यांच्या प्रचारप्रमुखांनी काल सकाळी दिला. 'आर्डिस या विषयावर आम्ही काहीही बोलणार नाही' असं त्यांनी चार वाहिन्यांना बोलावून सांगितलं. (चौथ्या एका नावाबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, 'फार गुणी गृहस्थ आहेत, आम्हाला त्यांच्याबद्दल अतिशय आदर आहे.' म्हणजे ते गृहस्थ गेले.)

आता रीतीप्रमाणे चौकशी. तुझा डावा गुडघा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेले व्यायाम तू करत नसशील हे मी धरूनच चाललो आहे. तळ्याचं पाणी यंदा किती वर आलंय, आमच्या तिथल्या घराच्या पायऱ्यांना लागलं का, तेही कळव. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा रक्तदाब जरा वाढला आहे, पण त्याचं कारण पुढे येईलच. फोन करायचा सोडून हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. एक तर तुझा फोन तू दुकानाचं दार उघडं राहावं म्हणून फटीत सारून ठेवलेला असतो. आणि दुसरं असं की लॅथ्रॉपच्या वकिलांनी आमचे फोन, मेसेज, ई-मेल या एका विषयापुरते बंद केले आहेत, कारण ते फुटतात. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांच्या वयाच्या माणसांना पत्र ही गोष्ट सुचतच नाही.

तुला ठाऊकच आहे की आर्डिसची सिनेटमधली अठरा वर्षं येत्या जानेवारीत संपतात. या खेपेला ती उभीच राहिलेली नाही. अठरा वर्षं ती सोमवारी पहाटे बॅग घेऊन वॉशिंग्टनला जाते आणि गुरुवारी रात्री परत येते, आणि अठरा वर्षं मी तिला विमानतळावर सोडतो आणि आणतो. (तिथला गाड्या हाकलणारा पोलीस मला नावाने ओळखतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो, म्हणजे मी गेलो होतो, ती वॉशिंग्टनला होती.) जानेवारीत ती बॅग माळ्यावर जाणार आणि आम्ही दोघं तुझ्या शेजारी, तळ्याकाठच्या त्या घरात कायमचे राहायला येणार. आठवड्याचे सगळे वार तिच्याबरोबर कसे दिसतात हे मला एकदा बघायचं आहे. माझं वय आता एकाहत्तर आहे. यापेक्षा मोठी महत्त्वाकांक्षा मी बाळगत नाही, आणि ती बाळगायला मला अठरा वर्षं पुरली आहेत. ज्या दिवशी तिने 'मी पुन्हा उभी राहणार नाही' असं जाहीर केलं, त्याच दिवशी मी छपरासाठी सुताराला फोन केला होता.

आणि मग एप्रिलमधल्या एका रविवारी टीव्हीवरच्या चर्चेत कुणीतरी तिचं नाव घेतलं. लॅथ्रॉपला निवडून यायला निवडणूक मंडळातली आपल्या राज्याची दहा मतं लागतात. त्याच्याकडे समुद्रकिनारा आहे, तीन शिडांची बोट आहे, दोन विद्यापीठांच्या पदव्या आहेत, पण गाय नाही. तेव्हा ज्याच्याकडे गाय आहे असा जोडीदार त्याने शोधावा, असं एका जाणकाराचं मत पडलं, आणि दुसऱ्या जाणकाराला एकदम आर्डिस आठवली. (आमच्याकडेही गाय नाही हे मी त्या वाहिनीला लिहून कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं नाही.) सोमवारी विमानतळावर पत्रकारांनी तिला गाठलं. ती म्हणाली, 'मला यात काडीचा रस नाही. मी जानेवारीत घरी चाललेय.' यापेक्षा सरळ वाक्य मी चाळीस वर्षांत छापलेलं नाही. संध्याकाळच्या बातम्यांत तिचं नाव 'अत्यंत उत्सुक' या गटात होतं.

या पदाची तऱ्हाच तशी आहे, रोली. अध्यक्षपद मागायचं तर दोन वर्षं दारोदार हिंडून, दिसेल त्या पोराचे मुके घेऊन मागावं लागतं. उपाध्यक्षपद ज्याने मागितलं, त्याचं ते गेलंच. ज्याला ते हवं असतं त्याने सांगायचं असतं की मला नको, माझ्या मनात तसलं काही नाही, आहे त्या कामात मी सुखी आहे. गेली दोनशे वर्षं ते पद हवं असलेली माणसं हेच सांगत आली आहेत. त्यामुळे नकाराची जेवढी म्हणून वाक्यं होती, ती सगळी होकारासाठी वापरून झाली. ज्याला खरोखरच नको असेल, त्या बिचाऱ्याला बोलायला एक वाक्य शिल्लक नाही. आर्डिसने मे महिन्यात 'दिलं तरी घेणार नाही' असं म्हणून पाहिलं. जाणकार म्हणाले, दिल्याशिवाय कुणी असं म्हणेल का, नक्की बोलणी झालेली दिसतात. मग ती गप्प बसली. जाणकार म्हणाले, बघा, आता तिला गप्प राहायला सांगितलंय. मी संपादकी सोडून नऊ वर्षं झाली, पण खरं सांगतो, मीही त्यांच्या जागी असतो तर हेच छापलं असतं.

जूनमध्ये वकील आले. ज्याला उमेदवार करायचं त्याचं सगळं आयुष्य आधी उलटंपालटं करून बघायची पद्धत आहे. (तू ट्रक घेण्याआधी त्याच्याखाली आडवा पडतोस तसं.) तिघं होते, आणि गुप्तपणे आले, म्हणजे मासेमारीला निघालेल्या पाहुण्यांच्या वेषात आले. कोऱ्या टोप्या, कोरे बूट, आणि त्यांतल्या मुलीच्या टोपीला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती. नॉर्वे फॉल्सच्या आसपास सहा मैलांत मासा नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. अर्ध्या तासात शेजारची लव्हॉन मागच्या दाराने ताट घेऊन हजर. 'वेन्डेल, लिंबाच्या वड्या केल्यात. वकिलांना चालतात ना?'

मी म्हटलं, 'कसले वकील? मासेमारीला आलेत हे लोक.'

'हो का? मग त्यांना म्हणावं गळ विसरलात, पेट्या घेऊन आलात. ताट सावकाश दे परत, पण देशील तेव्हा काय काय विचारलं ते सांग. आणि ती तुझ्या मेहुण्याच्या हरणाची भानगड आपणहून काढू नकोस म्हणजे झालं.'

मुख्य वकिलाचं नाव व्हिटकोम्ब. हा माणूस सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला तो संध्याकाळी उठला. दिवसभरात एकदाही हसला नाही, पण वड्या सात खाल्ल्या. त्याने विचारलं, माझ्या आजोबांनी नॉर्वेहून येताना आडनाव बदललं का. मला कधी कुणा डॉक्टरने निराश म्हटलंय का. लग्नाआधी मी कुणाला प्रेमपत्र लिहिलं होतं का, लिहिलं असल्यास ती बाई आता कुठे असते आणि कुठल्या पक्षाला मत देते. तासाभरात माझ्या लक्षात आलं की या माणसांना खोट सापडली तर ती आपल्याला सोडून जातील, आणि ज्या अर्थी आर्डिसला हे नकोच आहे, त्या अर्थी खोट पुरवणं हे माझं नवरा म्हणून कर्तव्यच आहे. तेव्हा मी मोकळेपणाने मदत करायला लागलो.

आधी स्वतःपासून सुरुवात केली. सांगितलं की बायकोच्या दूधदराच्या कायद्याविरुद्ध मी माझ्या साप्ताहिकात लागोपाठ तीन अग्रलेख लिहिले होते आणि तिसऱ्यानंतरचा अख्खा मार्च सोफ्यावर काढला होता. व्हिटकोम्बने मान डोलावली. 'स्वतंत्र विचारांचा नवरा. शहरातल्या बायकांना हे आवडतं.' मग मी सांगितलं की एकोणीस वर्षांची असताना आर्डिसला चीजच्या कारखान्यातून काढून टाकलं होतं, कारण तिने मुकादमाला शीतघरात कोंडलं होतं. (तासभर नाही, वीसच मिनिटं, असं आर्डिसने मध्येच दुरुस्त केलं.) 'कष्टकऱ्यांशी नातं,' व्हिटकोम्ब म्हणाला, आणि त्या मुलीने ते लिहून घेतलं. शेवटी, रोली, तुझी माफी मागतो, पण माझा नाइलाज होता. मी हरण काढलं.

सगळं सांगितलं. वनखात्याने चोरट्या शिकाऱ्यांना पकडायला रस्त्याकडेला उभं केलेलं ते भुसा भरलेलं, विजेवर मान हलवणारं हरण. तू ट्रकच्या खिडकीतूनच त्याला तीन गोळ्या घातल्यास, आणि तरी ते पडत नाही म्हणून खाली उतरून त्याच्या तोंडावर शिव्या दिल्यास, आणि मागच्या झुडपात वनखात्याची दोन माणसं तोंडात हातरुमाल कोंबून बसली होती. हेही सांगितलं की तू न्यायाधीशापुढे म्हणालास, हरणाने आधी माझ्याकडे बघून दोनदा मान हलवली, मला वाटलं त्याची हरकत नाही. व्हिटकोम्बने चष्मा काढला. मला वाटलं, सुटलो. तो बाहेर जाऊन फोनवर बोलून आला, आणि चार दिवसांनी कळलं की त्यांनी पाच राज्यांत लोकांना फोन करून विचारलं होतं: एखाद्या उमेदवाराच्या भावाने खोट्या हरणावर गोळ्या झाडल्या असतील, तर तुम्हाला त्या उमेदवाराबद्दल काय वाटेल? खेड्यापाड्यांतल्या निम्म्या लोकांना एकदम जवळीक वाटली, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी ते हरण आता कुठे बघायला मिळेल असं विचारलं. थोडक्यात, तुझ्यामुळे तुझी बहीण सहाव्या नावावरून तिसऱ्यावर आली.

त्या दिवशी अगदी शेवटी त्याने त्यांचा तो ठरलेला प्रश्न विचारला. 'असं काही आहे का, जे उद्या बाहेर आलं तर गव्हर्नरसाहेबांना अवघड होईल?' मी पार थकलो होतो, पुरवायला एकही खोट उरली नव्हती. मी म्हटलं, 'एकच आहे. ती त्यांच्यापेक्षा चांगलं बोलते. खरं तर अध्यक्षपदाला तीच उभी राहायला हवी होती.'

दिवसभरात पहिल्यांदाच त्या मुलीचं पेन थांबलं. व्हिटकोम्बने हातातली वडी खाली ठेवली. 'हे तुम्ही याआधी कुठे बोलला आहात? कुणासमोर?' टेबलाखालून आर्डिसने माझ्या नडगीवर लाथ मारली. 'वेन्डेलला दुपारी झोप मिळाली नाही की तो असं बोलतो,' ती हसून म्हणाली. मी तो तिचा विनय समजलो. जाताना दारात व्हिटकोम्बने मला बाजूला घेतलं आणि बऱ्याच समजुतीच्या स्वरात सांगितलं की उपाध्यक्षामुळे कुणी जिंकत नाही हे आम्हाला माहीत आहे, आम्ही फक्त नुकसान न करणारं माणूस शोधतो. सभेहून घरी जाताना लोकांनी गव्हर्नरांबद्दल बोलायला पाहिजे. ते जर सिनेटरबाईंबद्दल बोलायला लागले, तर ते नुकसान. तुझं हरण त्यांना चालतं, मुकादम चालतो, आणि चालत नाही ती फक्त हुशारी, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आर्डिस आणि हुशारी लपवणार? तिला ते जमलं असतं तर ती माझ्याशी लग्नानंतर पहिल्याच वर्षी भांडली नसती.

म्हणून परवाच्या शुक्रवारकडे मी डोळे लावून बसलो होतो. तिघांपैकी प्रत्येकाला लॅथ्रॉपच्या शेजारी एकदा उभं करून बघायचं ठरलं होतं. (जोडा कसा दिसतो ते बघायला. आम्हाला लग्नाआधी एवढंही कुणी बघितलं नव्हतं.) आपल्याकडे शुक्रवार म्हणजे तळलेला मासा, तेव्हा जागा ठरली गुस्ताफ्सनचा सपर क्लब. आदल्या रात्री, आर्डिस घरी पोचल्यावर, प्रचारातली ब्लेक नावाची बाई सूचना द्यायला आली. आर्डिस लॅथ्रॉपपेक्षा इंचभर उंच आहे, तेव्हा बूट सपाट हवेत. उभं राहायचं ते अर्धं पाऊल मागे. त्यांच्या विनोदांना हसायचं, पण आधी हसायचं नाही. 'आणि मी एखादा विनोद केला तर?' आर्डिसने विचारलं. ब्लेकने विचार केला. 'एक चालेल. पण मध्यम असू दे.' आर्डिसचा मध्यम विनोद, रोली. मी आतल्या खोलीत जाऊन हसून आलो.

आता तुला सांगायला नको की गुस्ताफ्सनकडे शुक्रवारी कोणीही गेलं तरी आधी बारपाशी उभं राहायचं असतं. ब्रँडी घ्यायची, शेजाऱ्याच्या गुरांची चौकशी करायची आणि तासाभराने नाव पुकारलं की मग टेबलावर जायचं. बिशपसुद्धा थांबतो. मासा काय घरीही तळता येतो, माणसं येतात ती थांबायला. लॅथ्रॉपच्या माणसांना हे कुणी सांगितलं नसावं. गाड्या थांबल्या, काळे चष्मेवाले उतरले आणि त्यांनी गव्हर्नरसाहेबांना बारपाशी उभ्या असलेल्या दोनशे माणसांमधून थेट खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन बसवलं. तिथे बसून त्याने पिठाच्या आवरणाशिवाय भाजलेला मासा आणि पांढरी वाइन मागवली. बारपाशी अशी शांतता झाली की तळणाचा आवाज ऐकू यायला लागला. म्हातारा गुस्ताफ्सन काउंटरमागून म्हणाला, मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल असं, 'पंचेचाळीस नंबर अजून उभा आहे. हे कितवे?'

दहा मतं त्या क्षणी दाराबाहेर निघाली होती, रोली. आर्डिसला काही करावंच लागणार नव्हतं. ती नुसती गप्प उभी राहिली असती तरी पुरे होतं. किंवा तिने नेहमीसारखं एखादं वाक्य टाकलं असतं, अख्खी खोली तिच्या बाजूने हसली असती, लॅथ्रॉप तिथेच आटोपला असता आणि आम्ही शनिवारी तळ्यावर असतो. तिने काय केलं? ती पुढे झाली आणि म्हणाली, 'गुस्ताफ्सन, चूक माझी. मला भूक आवरेना, मीच त्यांना ओढत आत नेलं. ते बिचारे थांबूया म्हणत होते.' आर्डिस. जिने स्वतःच्या आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला रांगेत पुढे घुसणाऱ्या मावशीला मागे पाठवलं होतं. लोक थोडे नरमले, तिच्याकडे मात्र जरा विचित्र नजरेने बघायला लागले. लॅथ्रॉप उठून बारपाशी आला, कुणीतरी त्याच्या हातात ब्रँडी दिली, त्याने ती प्यायली आणि चेहरा फारसा वाकडा केला नाही.

मग लोकांनी आर्डिसकडे तो गाईचा विनोद मागितला. तुला पाठच आहे. शेतकरी व्हेटला, म्हणजे गुरांच्या डॉक्टरला, बोलावतो, म्हणतो, आमची गाय तीन दिवस एका जागी उभी आहे, दूध देत नाही, कुणाला पुढे जाऊ देत नाही, अधूनमधून नुसती हंबरते. व्हेट तपासतो आणि म्हणतो, आजारी नाही, हिला सिनेटवर पाठवा. हा विनोद तिने गेल्या अठरा वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात सांगितलाय आणि तो कधी पडलेला नाही. अंत्ययात्रेतही चालला होता. परवा ती उभी राहिली आणि म्हणाली, 'एका शेतकऱ्याची गाय असते, तिला सिनेटवर पाठवतात, कारण काय, तर ती म्हणे दूध देत नाही.' आणि थांबली. शेवट आधीच सांगून टाकला. दोनशे माणसं गप्प. मी तर ग्लास खाली ठेवला. तेवढ्यात लॅथ्रॉपने मान वाकवून विचारलं, 'सिनेटर, ही गाय तुमच्या ओळखीची आहे का?' आणि छप्पर उडेल इतकं हसले लोक. आर्डिस सगळ्यांच्या नंतर हसली. जाताना पार्किंगमध्ये माणसं म्हणत होती, लॅथ्रॉप वाटला तसा नाही, गमत्या आहे. ब्लेक फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

परत येताना मी गाडीत विचारलं, 'आज गाय कशी काय चुकली गं?' 'दमले असेन,' ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मलाही ते पटलं. अठरा वर्षांनी कोणीही दमणारच. म्हणून तर तळ्यावर यायचं.

तर असा सगळा प्रकार आहे. काळजी करू नकोस. आर्डिसच्या मनात हे नाहीच, तेव्हा होईल ते बऱ्यासाठीच होईल. सुतार आला तर त्याला सांग की पुढच्या बाजूचं छप्पर आधी घे, तिथे तिची खुर्ची येणार आहे. लव्हॉनने तुला आठवण सांगितली आहे. गुडघ्याला जप.

तुझा,
वेन्डेल

ता. क. आता मुद्द्याचं. कामाची गोष्ट शेवटी लिहिण्याबद्दल मी चाळीस वर्षं बातमीदारांना ओरडलो, पण ही मला वर लिहवली नाही. बुधवारी तुझ्या दुकानात टीव्हीवाले येणार आहेत, हरणाबद्दल विचारायला. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. तू एक स्वच्छ शर्ट घाल आणि आर्डिसबद्दल एक शब्दही वाईट बोलू नकोस. वाईटाने ती वर चढते हे आपण बघितलंय. तू तिची स्तुती कर. मला माहीत आहे की पंचावन्न वर्षांत तू ती कधी केलेली नाहीस आणि तोंडात बसायला वेळ लागेल, म्हणून आजच आरशासमोर सराव कर. म्हण, 'आमची ताई लहानपणापासून सगळ्यांपेक्षा हुशार. माझा गृहपाठ तीच करायची. लॅथ्रॉपची भाषणं ऐकतो तेव्हा वाटतं, याला शेजारी बसवून हिलाच का उभं केलं नाही.' शेवटचं वाक्य कॅमेऱ्याकडे बघून, सावकाश. एवढं एकदा वाहिनीवर गेलं की व्हिटकोम्ब आमच्या दारात पुन्हा येणार नाही. हे आपल्या दोघांत राहू दे. तिला जे बोलून जमलं नाही ते आपण करतोय, इतकंच.

आणखी एक ता. क. सोमवार, सकाळ. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात आर्डिस खाली आली. आज ती वॉशिंग्टनला उशिरा जाणार आहे. तिने टोस्ट लावला आणि विचारलं, 'रोलीला लिहितोयस?'

म्हटलं, 'हो. गुडघा कसा आहे विचारतोय.'

'बरं झालं. मग त्यात एक घाल. त्याच्याकडे टीव्हीवाले जाणारेत. हरणाबद्दल हवं ते बोल म्हणावं, ते चालतं. पण माझी स्तुती करू नकोस म्हणावं. कष्टाळू आहे, बरी आहे, इतपत बोल. ताई हुशार होती, ताईने माझा गृहपाठ केला, असलं काही नको.' ती टोस्टला लोणी लावत होती, कडेपर्यंत, एक कोपराही न सोडता, आणि माझ्याकडे बघत नव्हती. 'आणि वेन्डेल,' ती म्हणाली, 'तूसुद्धा.'

गाय दमून चुकली नव्हती, रोली. जे माझ्या नजरेसमोर दोनशे माणसांत घडलं, ते मला टोस्टपाशी कळलं. मी इतके दिवस तिचं नको हे नकोच समजत होतो, आणि एकट्या टीव्हीवरच्या जाणकारांना ते बरोबर कळलं होतं. एवढं एका गोष्टीवरून म्हणता येईल की तिला हे फार हवं असलं पाहिजे. आर्डिसने याआधी कशासाठीही स्वतःला मध्यम करून दाखवलेलं नाही. माझ्यासाठीही नाही.

तेव्हा वरची विनंती रद्द समज. सराव केला असशील तर विसरून जा. टीव्हीवाल्यांना सांग की ताई ठीक होती, शाळेत साधारण, गृहपाठ तुझा तूच करायचास. छपराचं काम मात्र थांबवू नकोस. उपाध्यक्षाला वॉशिंग्टनमध्ये सरकारी घर मिळतं आणि तिथे मलाही खोली असते, असं ती मघाशी सहज म्हणाली. त्या घराला तळं आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणाली.

घोषणा येत्या गुरुवारी दुपारी अपेक्षित आहे. मतदान नोव्हेंबरात. ते जिंकले तर ती आणखी चार वर्षं तिकडे, कदाचित आठ, आणि हरले तर जानेवारीत घरी. आजवर तिला मत दिलं नाही असं माझ्याकडून एकदाही झालेलं नाही. मतदानाच्या टेबलाला पडदा लावायची पद्धत ज्याने कुणी पाडली, तो विवाहित असणार. यंदा मी त्या पडद्यामागे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभा राहणार आहे.